पप्पांचं मशीन शॉप, व्हॉट्सॲप आणि दीड लाखाचा कोर्स

पत्र कोल्हापूरहून आलंय, टी.वाय. बी.कॉम.ची मुलगी आहे. थोडक्यात देते: "मॅडम, पप्पांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, अकरा माणसं आहेत. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेऊन त्यावर मशीनिंग करून मोठ्या कंपन्यांना देतो. सगळा कारभार पप्पांच्या व्हॉट्सॲपवर. मला कंपन्यांमध्ये इंटरनेटवर जी कामं चालतात त्यात करिअर करायचंय, पण कोडिंग येत नाही. पुण्यातली एक इन्स्टिट्यूट डिजिटल बिझनेसचा सहा महिन्यांचा कोर्स देते, फी दीड लाख. पप्पा म्हणतात पैसे देतो, पण नोकरी लागणार का ते आधी विचार."

अगं, कोर्सचं आधी सांगते म्हणजे पप्पांचा जीव भांड्यात पडेल. आत्ता पैसे भरू नकोस. सिलॅबसचा फोटो पाठवलास तो नीट बघितला, वेबसाइट, एसईओ (गूगलच्या शोधात वर यायची युक्ती), इन्स्टावर जाहिरात, ईमेल मार्केटिंग, ह्यात वाईट काही नाही, पण ही सगळी गिऱ्हाईक शोधायची विद्या आहे आणि तुझ्या पप्पांचं गिऱ्हाईक काही रील बघून ब्रॅकेट घेत नाही. तू पत्रात जे विचारलंयस, कंपनीच्या आतली कामं इंटरनेटवर कशी चालतात, त्यावर त्या सिलॅबसमध्ये एक धडासुद्धा नाही. आणि नोकऱ्या, निदान आपल्या भागातल्या, त्या आतल्या कामात आहेत.

मी कौन्सेलिंगमध्ये यायच्या आधी सात वर्षं एका कास्टिंगवाल्यांकडे डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या कामाला, होते म्हणून हे पोटतिडकीनं लिहितेय. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं सप्लायर पोर्टल होतं, म्हणजे माल पुरवणाऱ्यांसाठीची वेबसाइट. त्यावर रोजचं शेड्यूल यायचं, कुठला पार्ट, किती नग, कुठल्या गेटला. आपण माल भरायच्या आधी पोर्टलवर एएसएन करायचं, म्हणजे गाडी निघायच्या आधीच तिकडं कळवायचं की हा माल येतोय, त्याची बारकोडची चिठ्ठी काढून पेटीला चिकटवायची, मग गाडी सोडायची. एकदा रात्री शेड्यूल ४०० वरून २५० झालं आणि सकाळी कुणी पोर्टल उघडलंच नाही, कारण पासवर्ड ज्या पोराला माहीत होता तो दोन दिवस गावाकडं जत्रेला गेलेला, दुसऱ्यानं अंदाजानं तीनदा टाकला आणि अकाउंट लॉक. गाडी ४०० घेऊन गेली. गेटवर २५० उतरवून घेतले, दीडशे परत, भाडं आमचं. पासवर्ड कुठं लिहिला होता माहितेय? कपाटाच्या आतल्या बाजूला, मार्करनं, तोही मागच्या महिन्याचा.

तर कंपनीनं इंटरनेट आणलं म्हणजे काय झालं, हे मला त्या दिवशी कळलं. स्क्रीनवर एक आकडा आणि गाडीत दुसरा, त्या दोन्हीची गाठ घालणारं माणूस नसेल तर पोर्टल कितीही भारी असो. हे माणूस कोडिंगवालं लागत नाही. त्याला पीओ, म्हणजे गिऱ्हाइकाची लेखी खरेदी ऑर्डर, काय असते, मालाबरोबर जाणारं चलान आणि इनव्हॉइस म्हणजे बिल ह्यांत फरक काय, रिजेक्शन आलं की डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे कापल्याचा कागद, कशी पडते हे कळावं लागतं, आणि बी.कॉम. करून घरात मशीन शॉप बघितलेल्या मुलीला ह्यातलं अर्धं आधीच माहीत असतं, फक्त तिला ते माहीत असल्याचं माहीत नसतं.

मोठमोठ्यांचंही सुरुवातीला असंच अर्धं अर्धं होतं. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट २००२ साली सुरू झालं तेव्हा बुकिंग नेटवर आणि तिकीट मात्र कुरिअरनं घरी यायचं! घरी प्रिंट काढायचं ई-तिकीट त्यानंतर, २००५ मध्ये. बहुतेक कंपन्या अशाच पुढं सरकतात, आधी ईमेल, मग वेबसाइट, मग ऑर्डर घेणं, आणि सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात त्रासाचं काम म्हणजे ती ऑर्डर स्टोअर, मशीन, गाडी आणि अकाउंटपर्यंत न तुटता पोचवणं. तुझ्या पप्पांचं व्हॉट्सॲप ही पण एक पायरीच आहे, त्याला हसू नकोस. फोटो काढून ड्रॉइंगची शंका दोन मिनिटांत सुटते, ते फॅक्सवर कधी जमलं असतं? अडचण एवढीच की व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर पप्पांच्या फोनमध्ये राहते, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जात नाही, आणि पप्पा लग्नाला गेले की कंपनी पण लग्नाला जाते.

कंपन्या हे का करतात तेही समजून घे, कारण इंटरव्ह्यूत विचारतात आणि पोरं "काळाची गरज" असलं काहीतरी सांगून मोकळी होतात. काही स्वतःच्या फायद्यासाठी करतात. आयटीसीनं २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केलं ते वाच कुठंतरी. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर, त्याला संचालक म्हणायचे, लोक भाव बघून ठरवणार की माल मंडीत न्यायचा का कंपनीच्या केंद्रावर. विजेचा भरवसा नाही म्हणून सोलर, फोन लाइन नीट नाही म्हणून सॅटेलाइटवरून इंटरनेट घेणारी व्हीसॅटची छत्री. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे आधीच्या आडत्यांना हाकलून दिलं नाही, त्यांना संयोजक करून कामात घेतलं, कारण पोती, वाहतूक, रोख पैसे हे सगळं जमवायची अक्कल त्यांच्याकडंच होती.

पण शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातली छोटी युनिट हौसेनं इंटरनेटवर गेली नाहीत गं, त्यांना ढकललं. एका बाजूनं गिऱ्हाईक म्हणालं पोर्टलवर या नाहीतर शेड्यूल बंद, दुसऱ्या बाजूनं सरकार. १ जुलै २०१७ ला जीएसटी, १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, मग ई-इनव्हॉइस. ते १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना होतं आणि खाली खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. बिल तुम्ही टॅलीत करता, ते सरकारच्या पोर्टलवर जातं, तिथून ६४ अक्षरांचा नंबर आणि क्यूआर कोड घेऊन परत येतं, तो नसेल तर ज्यांना लागू आहे त्यांचं बिल हे बिलच नाही. तुमचं युनिट ह्यात बसतं का ते पप्पांना विचार, आणि उत्तर द्यायला त्यांना सीएला फोन करावा लागला तर समज की घरातच तुझ्यासाठी जागा रिकामी आहे.

ई-वे बिलाचं एक जवळून सांगते. त्यात दोन भाग असतात, पहिल्यात बिलाची माहिती, दुसऱ्यात गाडी नंबर. बेळगावला माल चाललाय, कागलच्या अलीकडं गाडी बंद पडली, ड्रायव्हरनं ओळखीचा टेंपो बोलावून माल त्यात टाकला, अगदी शहाणपणानं, पण दुसऱ्या भागातला नंबर कुणी बदललाच नाही. पुढं तपासणीत धरला की माल अडकतो आणि दंड बसू शकतो, आणि चूक दोन मिनिटांच्या टायपिंगची. हा नंबर बदलायचा कुणी? ड्रायव्हर म्हणतो ऑफिसनं, ऑफिस म्हणतं ट्रान्सपोर्टवाल्यानं. ह्या "कुणी"चं उत्तर ठरवून लिहून ठेवणं ह्यालाच मोठ्या कंपन्या प्रोसेस म्हणतात आणि त्यासाठी पगार देतात.

पैशाचंही तसंच. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत गेलं नाही, तर १४ तारखेला गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, आपलं बिल दिसत नाही, त्याला त्या महिन्यात आपल्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, मग तो आपलं पेमेंट दाबून ठेवतो आणि पप्पा फोनवर आवाज चढवतात. ट्रेड्स (TReDS) नावाचे प्लॅटफॉर्म आहेत, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालतात, तिथं छोट्या सप्लायरचं बिल गिऱ्हाइकानं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे लवकर मिळतात. आपल्याकडं किती जणांना ते वापरता येतं? कॉलेजात तर मी नावही ऐकलं नाही कुणाच्या तोंडून.

आता तू काय करायचं. टॅली आणि एक्सेल पक्कं कर, एक्सेल म्हणजे रंग भरून टेबल करणं नव्हे, व्हीलुकअप, पिव्हट, दोन याद्या जुळवून न जुळणाऱ्या ओळी बाहेर काढणं. जीएसटीचं प्रॅक्टिकल एखाद्या सीएच्या ऑफिसात बसून, चार-सहा महिने, पगार कमी मिळाला तरी. ईआरपी, म्हणजे स्टोअर, खरेदी, बिलं, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बघायचं असेल तर ईआरपीनेक्स्ट म्हणून मुंबईच्या कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याच्यात पप्पांचीच कंपनी खोटी खोटी उभी करून बघ, पार्ट टाक, पीओ टाक, बिल काढ. हे येत असेल तर डिस्पॅच, पर्चेस, अकाउंटमध्ये सुरुवात होते, सुरुवातीला पगार काही डोळे दिपवणारा नसतो, पण तिथून ईआरपी बसवणाऱ्या कंपन्यांकडं जायचा रस्ता आहे आणि त्यांना कोडरइतकंच फॅक्टरीतलं बोलणं कळणारं माणूस लागतं. एमबीए करायचं मनात असेल तर दोन वर्षं काम करून मग सीईटी दे.

आणि त्याआधी एक काम. रिझल्ट लागेपर्यंत सुट्टीच आहे ना? शंभर पानी वही घे आणि पप्पांचं एकच बिल पकड, एकच. ऑर्डर आल्यापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंत ते कुठं कुठं गेलं ते लिही. कागदावर कधी, व्हॉट्सॲपवर कधी, पोर्टलवर कधी, आणि तोच पार्ट नंबर किती जणांनी किती वेळा परत टाइप केला. गेटवर ड्रायव्हरबरोबर एकदा जाऊन उभी राहा, पप्पा नको म्हणतील तरी जा. पेमेंट यायला दीड-दोन महिने लागतील, तेवढं थांब. मग वही घेऊन ये, दीड लाखाचं तेव्हा बोलू. आणि पप्पांना सांग, पोर्टलचा पासवर्ड आजच दुसऱ्या कुणालातरी देऊन ठेवा.