पुण्यात चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी निसर्ग मंडळ कसं सुरू करावं?

पाच-सहा कुटुंबं पुरेत. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलाव यांपैकी घराजवळचं एकच ठिकाण धरा आणि दर महिन्याला तिथेच जा. जूनमध्ये दिसलेला लालचुटुक मृगाचा किडा नंतर कुठे गेला, हे मुलं आपणहून विचारतात. दर वेळी नवी जागा शोधली तर हा प्रश्नच पडत नाही.

सकाळचा दीड तास खूप झाला. माथा गाठायचा आग्रह धरू नका. या वयाची मुलं एका झुडपापाशी अर्धा तास सहज रमतात. सोबत घरचं कुणीतरी हवंच, आजी-आजोबा आले तर फारच छान, झाडांची जुनी नावं त्यांनाच माहीत असतात. पावसाळ्यात पायात बूट हवेत. दगड हाताने उलटू देऊ नका, खाली विंचू असू शकतो.

आणि प्रत्येक घरी कढीपत्त्याची कुंडी ठेवा, औषध न फवारता. लिंबाचं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते. एकदाच दाखवा, पुन्हापुन्हा त्रास नको.