सोसायटीत मांजरं फार वाढली आहेत. लांब नेऊन सोडली तर चालतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं: साताऱ्यात गोडोलीला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नऊ मांजरं झाली आहेत, रात्री झोपू देत नाहीत, स्कूटरच्या सीटा फाडल्यात. कमिटी म्हणते पोत्यात भरून कासच्या रस्त्याला सोडून येऊ, आणि ज्या दोन काकू त्यांना खायला घालतात त्यांना आधी बंद करू. तुम्हाला दोन्ही पटत नाहीये, पण कमिटीला काय सांगायचं ते सुचत नाहीये.

मी सांगलीची. गावभागात आमचा जुना वाडा आहे, आणि हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय. त्यामुळे जे केलं, जे चुकलं, तेच लिहिते.

पोत्याचं आधी. आमच्या बोळातल्या एकांनी दोन मांजरं पोत्यात घालून आयर्विन पुलापलीकडे सांगलीवाडीला सोडली होती. चौथ्या दिवशी सकाळी त्यातली एक त्यांच्याच पायरीवर पाय चाटत बसलेली. अख्खा पूल ओलांडून आली बया. दुसरी परत आली नाही, तिचं काय झालं कुणाला ठाऊक. दोनेक महिन्यांत तिच्या जागी दोन नवी आली. जागा रिकामी झाली आणि खरकटं, उंदीर, आडोसा तसाच राहिला की शेजारच्या गल्लीतली मांजरं ती जागा धरतात. शिवाय नवी आलेली धडधाकट, माजावर येणारी असतात. कासला तर मुळीच नेऊ नका. पार्किंगमधल्या भातावर वाढलेलं मांजर पठारावर एकतर उपाशी मरेल नाहीतर पाखरं, सरडे मारत सुटेल. आणि कमिटीला कायद्याची भाषा कळत असेल तर सांगा की उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. विष घातलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या बोळात या एका वाक्याने जितकं काम झालं तितकं दयाधर्माच्या गप्पांनी झालं नाही.

आता आमची गोष्ट. २०१९च्या महापुरात वाड्याच्या खालच्या सोप्यात पाणी शिरलं, आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे जाऊन राहिलो. पाणी ओसरल्यावर परत आलो, चिखल काढला, आणि माळ्यावरच्या गाद्या बघायला शिडी लावली तर त्यांच्यावर एक करडी भाटी चार पिल्लं घेऊन पडलेली. पिल्लांचे डोळे उघडले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, पुरातनं जीव वाचवून आलीय, तिला हाकलायचं नाही. झालं. दूध-पोळी सुरू झाली. मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात. हिने सातही घरं आमच्याच वाड्यात शोधली. २०२१च्या दिवाळीपर्यंत अकरा झाली होती.

हिशोब साधा आहे. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणकाळ नऊ आठवड्यांच्या आसपास. एका वेताला तीन-चार पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे युरोपासारखा लांबलचक अंधारा हिवाळा नसल्याने हे जवळजवळ वर्षभर चालतं. पिल्लांतली बरीच मोठी होईपर्यंत टिकत नाहीत, ते बघवत नाही, पण त्याने संख्या आटोक्यात येत नाही. म्हणून उपाय एकच: धरायचं, नसबंदीचं ऑपरेशन करायचं, पुन्हा तिथेच सोडायचं. ‘तिथेच’ हा शब्द कमिटीला दोनदा सांगा. ऑपरेशन झालेलं मांजर जागा राखतं आणि पोटं वाढवत नाही, तुम्हाला हवं तेच.

माझी पहिली चूक म्हणजे मी सुरुवात बोक्यापासून केली. आमचा पिवळा बोका मांडीवर येऊन बसायचा, उचलला आणि नेला. फुशारकी मारत घरी आले. दोन महिन्यांत तीन माद्या गाभण, कारण गावभागात बोका काय एकच आहे? तो नाही तर खणभागातला येतो. बोक्याचं ऑपरेशन केल्याने मारामाऱ्या, मुताचा उग्र वास, रात्रीचं गाणं कमी होतं, तेही करायचंच, पण पैसे मोजके असतील तर आधी माद्या. हात न लावता मादी ओळखायची एक युक्ती: काळा, पांढरा आणि तांबूस असे तीन रंग एकत्र असलेलं मांजर जवळपास नेहमीच मादी असतं. पूर्ण पिवळं असेल तर बहुधा बोका. गालफडं फुगलेली, मान जाड, तो वयात आलेला बोका.

दुसरी चूक अधिक महाग पडली. सहा माद्यांपैकी पाच केल्या. सहावी, काळी, पिंजऱ्याजवळ फिरकेना. मी म्हटलं एकीने काय होतंय. त्याच पावसाळ्यात ती जिन्याखाली व्याली, चार पिल्लं. दोन वांत्या-जुलाब होऊन चार दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाले, पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार, वेळेत लस दिलेली असती तर कदाचित वाचली असती. उरलेल्या दोन माद्याच निघाल्या. म्हणजे एक सोडली आणि तीन झाल्या. एका आवारातलं काम संपवल्याशिवाय दुसरीकडे हात घालू नका, आणि ‘बहुतेक झाली’ म्हणून थांबू नका.

धरायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न असणार. हाताने धरू नका. मी धरली, अंगठ्याच्या मुळाशी दात रुतले, संध्याकाळपर्यंत हात पुरीसारखा टम्म. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि घाण आत राहते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि सिव्हिलला जाऊन रेबीजची लस घेतली, ०, ३, ७ आणि २८व्या दिवशीची. पहिली लस घेतात तो दिवस शून्य धरतात, ते मोजताना मी चुकले होते, नर्सबाईंनी कार्डावर तारखा लिहून दिल्या. ‘मांजरच तर चावलं’ म्हणून कुणी बसून राहू नये, मांजरालाही रेबीज होतो.

पिंजरा आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला, अडीच फूट लांब, एक-एक फूट रुंद आणि उंच. उंदराच्या सापळ्याचंच तंत्र, आत शेवटी एक पत्री, तिच्यावर पाय पडला की मागचं दार खाली. आठवडाभर दार दोरीने वर बांधून ठेवायचं आणि रोज त्याच वेळेला, त्याच जागी, पिंजऱ्यातच खायला ठेवायचं. पहिले दोन दिवस ती लांबून बघतात. तिसऱ्या दिवशी मान आत. पाचव्या दिवशी शेपूटही आत. मग डॉक्टरांची वेळ ठरवायची, आदल्या दिवशी खाणं बंद, आणि संध्याकाळी दोरी सोडायची. आमिष म्हणून सुकट. चिकन, बिस्किटं, महागडं पाकिटातलं खाणं सगळं करून बघितलं, पण मूठभर सुकट तव्यावर जरा गरम करून टाकली की वास सगळ्या बोळात जातो. (सासूबाई शाकाहारी. त्यांनी त्या दिवशी तवा वेगळा करायला लावला आणि तो अजून ‘मांजरांचा तवा’ म्हणून खुंटीला आहे.)

दार पडलं की मांजर वेड्यासारखं धडका देतं, नाक सोलून घेतं. त्या क्षणी जाड चादर टाका, चारही बाजूंनी. अंधार झाला की ते आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. आमचा रिक्षावाला पहिल्यांदा चादरीतला पिंजरा बघून म्हणाला, “वहिनी, वाघ धरलाय का काय?” आता तोच विचारतो, पुढची फेरी कधी.

म्हणूनच काकूंना खायला घालणं बंद करू नका, उलट त्यांनाच हाताशी धरा. कुठलं मांजर किती वाजता येतं, कुठली पिल्लं कुणाची, कोण पाजतंय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फक्त शिस्त लावा: एक वेळ, एक जागा, गाड्यांपासून लांब, अर्ध्या तासात ताटली उचलायची. रात्रभर अन्न पडून राहिलं की बाहेरची मांजरं आणि घुशी दोन्ही येतात. दूध नको, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, पिल्लांना गाईच्या दुधाने हगवण लागते. आणि कुणी तापाची गोळी फोडून घालू नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

डॉक्टरकडे जाण्याआधी फोनवरच सांगा की भटकी मांजरं आहेत, पाच-सहा आणायची आहेत. एकेक आणण्यापेक्षा दर कमी करून देतात, आम्हाला दिला. सगळ्याच डॉक्टरांना न माणसाळलेल्या मांजराची सवय नसते, त्यामुळे ‘पिंजऱ्यातूनच भूल देता का?’ हे विचारून घ्या. नगरपालिकांच्या नसबंदी मोहिमा बहुतेक कुत्र्यांसाठी असतात, त्यांच्या भरवशावर बसलात तर मध्ये दोन वेतं होतील. तुमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे रस्त्यावर, तिथेही चौकशी करा. खर्चाचं आम्ही असं केलं: गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे. वाड्यातल्या एकांनी कुरकुर केली, तर सासूबाई म्हणाल्या, उंदराच्या मालकाचेच पैसे आहेत, मांजरावर खर्चले तर तो काय नाही म्हणणार नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगा. टाके आतले, विरघळणारे घाला, कारण हे मांजर टाके काढायला पुन्हा हाती लागणार नाही. भुलीतच रेबीजची लस द्या. आणि डाव्या कानाचं टोक सरळ कापा, सेंटीमीटरभर. भुलीत असल्याने दुखत नाही, आणि पुढे लांबूनही कळतं की हिचं झालंय. माझ्या पहिल्या भाटीचा कान मी ‘बिचारी विद्रूप दिसेल’ म्हणून कापू दिला नव्हता. वर्षभराने तीच पुन्हा पिंजऱ्यात आली, मला ओळखू आली नाही (चार करड्या आहेत हो आमच्याकडे), पुन्हा भूल, पुन्हा पोट भादरलं, आणि तिथे जुनी रेघ. डॉक्टर माझ्याकडे नुसते बघत राहिले.

उपाशी ठेवणं मोठ्या मांजरांना रात्रीपासून. लहान पिल्लांना इतका वेळ ठेवू नका, त्यांची साखर उतरते, किती तास ते डॉक्टरच सांगतील. घरी आणल्यावर भूल उतरेपर्यंत डोळे उघडेच असतात, बघून घाबरायला होतं. उबदार, शांत, अंधारी जागा, खाली जुनी साडी, पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय खाणं-पाणी नाही. बोका दुसऱ्या दिवशी सोडायचा, मादी दोन-तीन दिवस ठेवून, जखम बघून. आमचं न्हाणीघर त्या हिवाळ्यात मांजरांचा वॉर्ड होतं आणि आम्ही शेजारी अंघोळीला जायचो.

सीटा फाडतात त्यावर: स्कूटरवर जाड कव्हर, आणि कोपऱ्यात एका खांबाला सुतळी घट्ट गुंडाळून ठेवा. नखं तिकडे वळतात, सगळी नाही पण बरीचशी. घाणीसाठी मागच्या भिंतीला एक वाळूचा चौकोन करा, कुंड्यांमध्ये करणं थांबतं. आमच्याकडे तरी थांबलं.

आज आमच्याकडे सहा आहेत, सगळ्यांचे डावे कान कापलेले. दोन-तीन वर्षांत वाड्यात पिल्लू झालेलं नाही. काळीसुद्धा सापडली, शेवटी पिंजऱ्याने नाही. जिन्याखालच्या लाकडी खोक्यात पावसात झोपली होती, मुलाने वर पाट ठेवला आणि त्यावर बसून राहिला.

तुम्ही लिहिलंय की त्यातली एक तीनरंगी आहे आणि तिचं पोट लोंबतंय. कमिटीची मीटिंग रविवारी आहे ना, त्याआधी काकूंना विचारा की ती पाजतेय का गाभण आहे. सडं सुजलेली, आजूबाजूचे केस गेलेले असतील तर पिल्लं कुठेतरी आहेत, आधी ती शोधा. ती स्वतःचं स्वतः खाऊ लागेपर्यंत आईला नेऊ नका, किंवा अगदीच अडलं तर डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी परत आणता येते का बघा. गाभण असेल तर उद्याच फोन करा, किती दिवस गेलेत त्यावर डॉक्टर ठरवतील. पिंजरा नसेल तर मला मेसेज करा, आमचा सध्या माळ्यावर पडून आहे, कोणीतरी साताऱ्याला येणारं बघून पाठवते.