भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर (एनपीटी) सही का केली नाही?

कारण एका तारखेत आहे: १ जानेवारी १९६७. एनपीटी १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार या तारखेआधी ज्यांनी अणुस्फोट केला, तेवढेच देश अण्वस्त्रधारी. म्हणजे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. चीनने आपल्याशी युद्ध होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, ऑक्टोबर १९६४ मध्ये चाचणी केली होती. तो आत, आपण कायमचे बाहेर. सही करायची तर अण्वस्त्रं कधीच न बनवण्याची हमी देऊन. हा भेदभाव दिल्लीने नाकारला आणि माझ्या मते तो आक्षेप रास्तच आहे. सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींचं वचन आहे खरं, पण त्याला मुदतच नाही!

तरी आपली पाटी अगदी कोरी आहे असंही नाही. घारापुरीच्या लाँचमधून ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर अणुभट्ट्यांचे घुमट दिसतात. १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम (अणुबॉम्बला लागणारा स्फोटक धातू) तिथल्याच सायरस भट्टीतलं. भट्टी कॅनडाच्या मदतीची, तिला लागणारं जड पाणी (भट्टीतली अणुप्रक्रिया चालू ठेवणारं खास पाणी) अमेरिकेचं, दोन्ही शांततामय वापराच्या बोलीवर. आपण त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटलं, कॅनडाला ते पटलं नाही आणि त्याने अणुसहकार्य तोडलं. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट (एनएसजी) उभा राहिला तोही या स्फोटामुळेच. २००८ मध्ये त्याच गटाने भारताला अणुव्यापाराची मुभा दिली, तीही एनपीटीवर सही नसताना. सदस्यत्व मात्र अजून नाही. सही नसल्याचा मुद्दा तिथे चीन पुढे करतो.