लॅमिनेटेड लाँगबोसाठी फर्मा लोखंडी करून घेऊ की प्लायवुडचा चालेल?

तुमचा बेत असा दिसतो: पातळ पट्ट्या फर्म्यावर, म्हणजे वक्र ठोकळ्यावर, एकमेकींना चिकटवून लांब धनुष्य करायचं. पाठीला (बाणाच्या दिशेच्या बाजूला) बांबू, मध्ये सागवान, पोटाला (धनुर्धराकडच्या बाजूला) धामण, लांबी 66 इंच. आणि सोलापूर एमआयडीसीतला फॅब्रिकेटर लोखंडी फर्मा करून द्यायला तयार आहे. नका करू. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढलं जातं, आणि एकदा पीळ बसला की तो घरी काढता येत नाही. प्लाय सँडपेपरने घासून सरळ करता येतो. फर्म्यातली प्रत्येक चूक धनुष्यात जशीच्या तशी उतरते, त्यामुळे दुरुस्त करता येईल असाच फर्मा हवा.

18 मिमी प्लायचे दोन आणि 6 मिमीचा एक, असे सहा फूट लांब, सहा इंच उंच तुकडे कापून घ्या. तिन्ही मिळून रुंदी 42 मिमी होते. धनुष्याच्या पट्ट्या 40 मिमीच्या ठेवल्या की दाब काठापर्यंत सारखा पोचतो. उंचीत काटकसर करू नका, मध्यभागी निदान चार इंच राहू द्या. पट्ट्या दाबण्यासाठी रबराचे वेढे ताणून बसवल्यावर बारकासा फर्मा स्वतःच वाकतो.

आकार साधा ठेवा. मधले बारा इंच सपाट, तिथून दोन्ही टोकं हळूहळू दोन इंच वर. संपूर्ण वक्र एकदम काढायला जाऊ नका. हार्डबोर्डवर फक्त अर्ध्या धनुष्याचा साचा करा: खिळे ठोकून त्यांच्यावर लवचिक पट्टी वाकवा आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. तोच साचा मध्यरेषेवर उलटा करून दुसरी बाजू आखा, म्हणजे दोन्ही अंगं (मुठीपासून टोकापर्यंतचे भाग) जुळी निघतात. जिगसॉ रेषेच्या बाहेरून चालवायची आणि रेषेपर्यंत घासून यायचं. पहिला प्लाय मनासारखा झाला की बाकीचे त्याला चिकटवून बेअरिंगवाल्या ट्रिमर बिटने (पहिल्याच्या कडेला टेकून बाकीचे तेवढेच कापणाऱ्या पात्याने) सारखे करा. हे जोड पांढऱ्या सुतारी गोंदाने केले तरी चालतात. धनुष्यात मात्र तो गोंद नको, कारण सततच्या ताणाखाली आणि उन्हात त्याचा जोड सरकतो.

खरा वेळ द्यायचा तो वरच्या पृष्ठभागाला. दर चार इंचांवर गुण्या लावून तो बाजूंना काटकोनात आहे का ते बघा. मग दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका डोळ्याने एकीवरून दुसरीकडे पाहा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर फर्म्यात पीळ आहे. तो राहिला तर अंगही पिळलेलं निघतं, आणि दोरी मध्यरेषा सोडून एका बाजूला पडते. बरेच जण वक्राच्या सौंदर्यावर दिवस घालवतात आणि गुण्या हातातही घेत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

तुमच्या बांबूमुळे एक गोष्ट बदलते. त्याची बाहेरची बाजू गोलसर असते, ती सपाट फर्म्यावर डुलते. म्हणून पोटाची पट्टी खाली, बांबू सगळ्यात वर, आणि मूठ नंतर वेगळी चिकटवा. मधला भाग सपाट ठेवायला सांगितला तो त्यासाठीच. मुठीच्या जागी सगळ्या पट्ट्यांतून आणि फर्म्यात एक बारीक बांबूची खुंटी बसवा. पट्ट्या जोडायचा गोंद म्हणजे इपॉक्सी; ओलं असताना ते वंगणासारखं असतं, दाब पडला की पट्ट्या घसरतात. तो भाग वाकत नाही, त्यामुळे भोकाने बिघडत नाही.

दाबासाठी पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणा. इंचभर रुंद लांब पट्टी कापून मध्यापासून टोकांकडे वेढे घ्या. फर्म्याला आधी पॅकिंग टेप लावा, इपॉक्सी तिला धरत नाही. गोंद न लावता एकदा कोरडी बांधणी करून फटी तपासा. नंतर गोंद लावल्यावर शिकंजे वापरलेत तर ते करकचून आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर आलं तर जोड उपाशी राहतो.

इपॉक्सी अरल्डाइट स्टँडर्ड घ्या, पाच मिनिटांत आवळणारं नको. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण आकारमानाने निम्मं-निम्मं, वजनाने 100 ला 80. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि मिश्रण वाटीतच घट्ट व्हायला लागतं, तेव्हा काम पहाटे उरका. त्यानंतर इपॉक्सी पक्कं व्हायला पत्र्याच्या खोलीची ऊब उपयोगाची ठरते. बाकीचे लोक त्यासाठी बल्ब लावलेली पेटी करतात. डिसेंबरात करणार असाल तर फर्म्यावर जाड चादर टाका. सोलापुरात तिची काय वानवा!

फर्म्यावरून काढलं की धनुष्य थोडं परत सरळ होतं, दोन इंचांचे पूर्ण दोन इंच राहत नाहीत. ते वाढवायला वक्र खोल करू नका, पट्ट्या पातळ करून एखादी जास्त घाला. जाडीवर मात्र लक्ष असू द्या: अंग दहा टक्के जाड झालं की खेच (दोरी ओढायला लागणारा जोर) सुमारे एक तृतीयांशाने वाढते. आणि फर्मा भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नका, आडवा ठेवा, नाहीतर पुढच्या धनुष्याआधी पुन्हा गुण्या घेऊन बसावं लागेल.