वाचक विचारतात : डोरेमॉनचा शेवट, उंची आणि डोरायाकी

प्रश्न : नोबिता हा शाळकरी मुलगा कोमात असतो आणि भविष्यातून आलेला त्याचा मांजर-रोबो मित्र डोरेमॉन हे त्याचं स्वप्न असतं, हा शेवटचा भाग खरा आहे का? मुलगी ऐकून रडली.

उत्तर : मुलीला आजच सांगा, असा भाग नाही. मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) नाही, टीव्हीवरही नाही. मूळ लेखक-चित्रकार फुजिको एफ. फुजिओ 23 सप्टेंबर 1996 रोजी गेले. त्यांनी मालिकेला कायमचा शेवट दिलेला नाही.

डोरेमॉनची बॅटरी संपते, आठवणींची जादा प्रत कानांत असते आणि त्याला कानच नसल्यामुळे तीही उरत नाही, आणि नोबिता मोठेपणी रोबो-शास्त्रज्ञ होऊन त्याला पुन्हा जागं करतो, ही दुसरी गोष्ट एका चाहत्याने 2005 साली काढून विकलेल्या कॉमिकमुळे सर्वदूर पसरली. मूळ प्रकाशक शोगाकुकान यांनी हरकत घेतली आणि 2007 मध्ये त्याने माफी मागून मिळकतीचा काही भाग प्रकाशकांना दिला.

मूळ मांगात डोरेमॉन निरोप घेतो अशा काही गोष्टी मात्र खरंच आहेत. मग त्या कुठून आल्या? डोरेमॉन सुरू झाला तो जानेवारी 1970 च्या अंकांतून, एकाच वेळी सहा मासिकांत. ही मासिकं वयानुसार होती : दोन शाळेआधीच्या मुलांची, बाकीची पहिली ते चौथीची, प्रत्येक इयत्तेचं वेगळं. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं. चौथीचं मूल पाचवीत गेलं की त्याचा डोरेमॉन सुटायचा. म्हणून 1971 आणि 1972 च्या मार्च अंकांत चौथीच्या मुलांसाठी निरोपाच्या गोष्टी आल्या. खालच्या इयत्तांत मालिका चालूच होती.

मार्च 1974 मध्ये तिसरीच्या मासिकात आलेला निरोप सर्वांत गाजला. डोरेमॉनने निश्चिंत मनाने भविष्यात परत जावं म्हणून नोबिता मदत न मागता एकटा जियान या दांडगट मुलाशी भिडतो, मार खातो, पण हटत नाही. ही गोष्ट सहाव्या खंडाच्या शेवटी आहे. ती वाचून पुस्तक मिटू नका, लगेच सातवा खंड उघडा. बोललेलं उलटं खरं करणारं औषध पिऊन नोबिता म्हणतो की डोरेमॉन परत येणार नाही, आणि तो येतो. 2014 च्या थ्रीडी चित्रपटात या दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत. आमच्या मते सगळ्या 45 खंडांत याहून सुंदर जोडी नाही.

प्रश्न : डोरेमॉनची उंची 129.3 सेंटिमीटरच का?

उत्तर : त्या काळी जपानमधल्या चौथीच्या मुलांची सरासरी उंची तेवढी होती, म्हणजे वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्याला डोळा भिडेल इतकी. वजनही 129.3 किलो आणि जन्म 3 सप्टेंबर 2112, म्हणजे वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं तर पुन्हा 12-9-3.

प्रश्न : डोरेमॉनची आवडती डोरायाकी, म्हणजे दोन गोड पॅनकेकमध्ये सारण भरलेला जपानी पदार्थ, घरी करता येईल का? आमची कोरडी आणि ठिपक्याठिपक्यांची होते.

उत्तर : ठिपके तेलामुळे पडतात आणि कोरडेपणा घाईमुळे येतो. सहा जोड्यांसाठी 2 अंडी, 80 ग्रॅम साखर आणि 1 मोठा चमचा मध हलकं होईपर्यंत फेटा. अर्धा छोटा चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून घाला, मग 120 ग्रॅम मैदा चाळून हलक्या हाताने मिसळा. अर्धा तास झाकून ठेवा, ही पायरी गाळू नका. नंतर दोन चमचे पाणी घालून पीठ सैल करा.

नॉनस्टिक तव्याला तेल लावून कागदाने पूर्ण पुसा. मंद आचेवर पीठ एकाच जागी वरून ओता, पसरवू नका. दीड-दोन मिनिटांत वर बुडबुडे येतील, तेव्हा उलटा. दुसरी बाजू अर्धा मिनिट पुरे, जास्त ठेवलीत तर वाळते. उतरवल्याबरोबर ओलसर फडक्याखाली ठेवा.

आतलं सारण अझुकी या लाल कडधान्याचं असतं. ते न मिळाल्यास 100 ग्रॅम लाल चवळी रात्रभर भिजवा, एक उकळी आणून ते पाणी टाकून द्या, नाहीतर उग्र वास राहतो. नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवून निथळा आणि मगच 90 ग्रॅम साखर घाला. आधी घातलीत तर दाणे टणक राहतात. चिमूटभर मीठ घालून, चमचा फिरवल्यावर भांड्याचा तळ दिसेपर्यंत आटवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून पुरणापेक्षा किंचित सैल असतानाच उतरवा. वेलची-जायफळ मात्र नको, त्या वासापुढे चवळीची चव हरवते. सारण भरून जोड्या तासभर झाकून ठेवा. कडा चिकटतात आणि सारणाचा ओलावा आत मुरतो.