पाफोसचा फ्लॅट: टायटल डीडचं नंतर, आधी करार डिपॉझिट करा

ठाण्याच्या, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या एका चीफ इंजिनियरांचा मेल आलाय. सायप्रसमध्ये पाफोसला, समुद्राजवळ, बांधकाम चालू असलेला फ्लॅट त्यांनी नवराबायकोच्या नावावर घेतला, करारावर सह्या होऊन साडेचार महिने झाले, चाळीस टक्के पैसे गेले, आणि आता ओळखीचे लोक सांगतायत की तिथे टायटल डीड, म्हणजे मालकीचा दस्त, हातात यायला वर्षं जातात, तर बिल्डरवर केस करावी का. तिथल्याच लिमासोल शहरात जहाज कंपन्यांची ऑफिसं भरपूर आहेत, त्यामुळे मर्चंट नेव्हीतल्या आपल्या मंडळींचे असे मेल मला सारखे येतात.

साहेब, केस कशाची करणार? इमारतच पूर्ण नाही. आपल्याकडे कन्व्हेयन्सपायी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्यापायी, सोसायट्या किती रखडतात ते तुम्ही बघितलंय, म्हणून तुमचं सगळं लक्ष डीडवर, हे समजतं मला. पण एवढ्या लांबलचक मेलमध्ये मला हवी ती एक गोष्ट कुठेच नाही. तुमचा करार तिथल्या जिल्हा लँड ऑफिसमध्ये डिपॉझिट झालाय का?

सायप्रसच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे करार झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो तिथे जमा करावा लागतो. जमा झाला की त्या जमिनीवर तुमचा बोजा चढतो, त्यानंतर बिल्डरने ती बँकेकडे गहाण टाकली किंवा कुणाची जप्ती आली तरी तुमचा नंबर त्यांच्या आधी लागतो, आणि बिल्डर फिरला तर कोर्टाकडून स्पेसिफिक परफॉर्मन्स, म्हणजे करार ठरल्याप्रमाणे पाळायचा हुकूम, मागता येतो. जमा नाही केला तर तुमच्याकडे उरतो फक्त बिल्डरवर वैयक्तिक दावा, आणि बिल्डर बुडाला की त्या दाव्याची किंमत काय राहते ते तुम्हीच बघा. आपल्याकडे अ‍ॅग्रीमेंट रजिस्ट्रेशनला चार महिने मिळतात आणि ते झाल्याशिवाय बँकवाला उभा करत नाही, म्हणून आपण गृहीत धरतो की सही केली म्हणजे नोंद झालीच असेल. तिथे सही वेगळी आणि डिपॉझिट वेगळं.

तुमच्या हातात दीड महिना आहे. मुदत गेली की मामला कोर्टात जातो, आणि सायप्रसची कोर्टं युरोपातल्या सगळ्यात संथ कोर्टांपैकी आहेत, तिथे साध्या दिवाणी दाव्यालाही वर्षं लागतात.

आता थोडं कडू बोलतो. तुम्ही लिहिलंय की वकील बिल्डरच्या एजंटनेच दिला आणि तो “सगळं बघतोय”. आयुष्यभर बोटीवर प्रत्येक सर्टिफिकेट स्वतः तपासलं असेल तुम्ही, आणि निवृत्तीची पुंजी घालताना समोरच्या पार्टीचा वकील चालवून घेतलात? आजच्या आज लिमासोल किंवा पाफोसचा, बिल्डरशी संबंध नसलेला वकील धरा. त्याला द्यायचं मुखत्यारपत्र नोटरी करून वर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) लागेल, नुसता नोटरीचा शिक्का तिथे चालत नाही, आणि वेळ नेमका या कागदात जातो, म्हणून ते काम याच आठवड्यात सुरू करा.

त्या वकिलाकडून जमिनीचा सर्च, म्हणजे तिच्यावर आधीचं गहाण किंवा बोजा आहे का याचा नोंदींमधला तपास, पण काढून घ्या. डिपॉझिट फक्त नंतरच्या बोज्यांपासून वाचवतं. तुमच्या कराराच्या आधीच जमीन गहाण असेल तर बँक पुढे आणि तुम्ही मागे, आणि २०१३ च्या बँक संकटानंतर पूर्ण पैसे भरलेले हजारो लोक असेच अडकले होते. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये कायदा आला खरा, पण तो २०१४ अखेरपर्यंतच्या करारांपुरता, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. गहाण निघालं तर बँकेकडून तुमच्या फ्लॅटपुरतं लेखी सोडपत्र मिळतं का ते बघावं लागेल, ते कोणत्या शब्दांत असावं हे तिथला वकील सांगेल.

बाकीचं थोडक्यात. युरोपियन युनियनबाहेरच्या नागरिकांना घर घ्यायला सरकारची परवानगी लागते, तो अर्ज वेगळा असतो, केलाय का विचारा. भारतातून पैसे एलआरएसमधून (रिझर्व्ह बँकेची परदेशात पैसे पाठवायची योजना), माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत गेले असतील तर ठीक. तुम्ही आता इथले रेसिडेंट असाल तर हा फ्लॅट इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावा लागेल, नाहीतर ब्लॅक मनी कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. कधी, कसा दाखवायचा ते सीएकडून नक्की करून घ्या.

पुढचा हप्ता जवळ आला असेल तर रागाने थांबवू नका, डिफॉल्ट तुमच्या नावावर चढेल. नव्या वकिलाकडून बिल्डरला पत्र जाऊ द्या, डिपॉझिटची पावती आणि सर्च दोन्ही मागू द्या, आणि हप्ता रोखता येतो का ते त्याने करार वाचून सांगितल्यावरच ठरवा.