आधी कपाटाचं कुलूप काढा, मग कोर्सचं बोलू

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे, सराव परीक्षेत 61 टक्के पडले. रात्री अभ्यास सोडून हेडफोनच्या मागे असतो. त्याच्या कानावरच्या गाद्या काढतो, खाली कापड घालतो, डोळे मिटून ऐकत बसतो, म्हणतो हेडफोनचा आवाज डोक्याच्या आत वाजतो, तो बाहेरून आल्यासारखा वाटला पाहिजे. त्याच्या बाबांनी हेडफोन कपाटात कुलूप लावून ठेवलाय. सीईटीला 95 पर्सेंटाइल आण, 30 हजारांचा सेव्हन पॉइंट वनवाला, म्हणजे सगळ्या बाजूंनी आवाज येतो म्हणतात तो हेडफोन घेऊन देतो, नाहीतर दुकानात बस म्हणाले. तीन आठवडे दोघं बोलत नाहीत. आता आजीलाही सल्ले देतो, तिला एकाच कानाला ऐकायचं मशीन आहे म्हणून हाक मारली की ती भलतीकडे बघते म्हणतो. त्याच्या वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. कुठला कोर्स द्यावा? – एक आई, बार्शी

ताई, 61 टक्क्यांचं मला काहीच वाटलं नाही, मार्क अजून वाढू शकतात. पण 'तीन आठवडे बोलत नाहीत' वाचून मी थांबले. एकाच घरात, एकाच ताटावर बसणारी दोन माणसं आणि मधे एक कुलूप, ह्यात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अभ्यास कसला करणार? बाबांना म्हणावं हेडफोन आज रात्रीच परत द्या, अट न घालता. आणि ते 30 हजारांचं आमिषही मागे घ्या. धमकी आणि बक्षीस दोन्हीतून मुलाला एकच कळतं, की मला काय आवडतं त्याला ह्या घरात किंमत नाही, पर्सेंटाइलला आहे. मी हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी मला तितकाच त्रास होतो.

तो फोटो मी मोठा करून दोनदा बघितला. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार रकाने, प्रत्येक दिशेचा आवाज हेडफोनवर दहा-दहा वेळा ऐकलाय आणि बरोबर-चूक लिहिलंय. डावं-उजवं जवळपास सगळं बरोबर, पण समोरच्या दहातले सहा त्याला मागून आल्यासारखे वाटले. आणि खाली पेन्सिलने, 'डोकं वळवलं तरी आवाज सोबतच वळतो, म्हणून कळत नसेल?' ताई, हे अगदी खरं कारण आहे! एरवी समोर की मागे अशी शंका आली की आपण नकळत मान जराशी वळवतो आणि लगेच उलगडा होतो, हेडफोनमध्ये ती सोयच राहत नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही ना? मग हा मुलगा अभ्यास करत नाही असं कसं म्हणता?

आता तो गैरसमज, की महागडा घेऊन दिला की प्रश्न मिटेल. दिशा हेडफोनमध्ये भरलेली नसते हो, ती आपला मेंदू दोन कानांतल्या फरकावरून काढतो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला फार तर 0.7 मिलीसेकंद उशिरा पोचतो आणि डोकं आड आल्यामुळे त्याचा जोरही थोडा कमी होतो, जाड आवाजांना मुख्यतः वेळेचा फरक उपयोगी पडतो, बारीक आवाजांना जोराचा. वर-खाली, पुढे-मागे हे बरंचसं कानाच्या पाळीच्या घड्यांवरून कळतं आणि त्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. साध्या हेडफोनवर उजव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला जातच नाही, म्हणूनही गाणं डोक्याच्या आत अडकल्यासारखं वाटतं. मागून उघड्या कपांचा हेडफोन घेतला की थोडं मोकळं वाटतं, एका बाजूचा थोडासा आवाज किंचित उशिराने दुसरीकडे सोडणारी क्रॉसफीडची सॉफ्टवेअरं तर फुकट मिळतात. आणि खोक्यावर सेव्हन पॉइंट वन छापलेल्या बऱ्याच हेडफोनांत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर असतो, बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं. तुमच्या मुलाने कानाच्या मागच्या बाजूला गादीखाली कापड घातलंय ना, त्याने ड्रायव्हर तिरका होऊन आवाज जरा पुढून येतो. सेनहायझरने 2009 साली एचडी 800 काढला त्यात ड्रायव्हर असाच पुढून तिरका बसवलाय. ह्याने ते जुन्या कापडावर केलं. तेव्हा 30 हजार ठेवा बाजूला. फक्त आवाज किती मोठा ठेवतो तेवढं बघा, रात्री तासन्‌तास मोठ्याने ऐकणाऱ्या मुलांचे कान खरंच खराब होऊ शकतात.

कोर्सचं म्हणाल तर सीईटी, जेईई देऊ दे, इलेक्ट्रॉनिक्सला गेला तर सिग्नल प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे आवाजासारख्या सिग्नलवर गणिताने काम करायच्या विषयात, ह्यातलं बरंच शिकेल. पुण्याच्या एफटीआयआय ह्या फिल्म संस्थेचा साउंडचा कोर्स पदवीनंतरचा आहे, आत्ता तो विषय नको.

पण पत्रात आजीचं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत आणि मला तिथेच उत्तर दिसलं. आजीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल आणि मशीन एकालाच असेल तर दोन कानांचा हिशोब जुळत नाही, मग दिशा चुकते, म्हणजे मुलाची शंका रास्त आहे. ऐकणं तपासायच्या ह्या शास्त्राला ऑडिओलॉजी म्हणतात, बारावी सायन्सनंतर त्याची बीएएसएलपी नावाची पदवी असते, इंटर्नशिप धरून चार वर्षांची. ती शिकवणारी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, कोणा ओळखीच्याने सांगितलेल्यावर जाऊ नका. त्याला हेच आवडेल असं मी म्हणत नाही, पेशंटसोबत रोज बसायला वेगळा स्वभाव लागतो आणि तो आहे की नाही हे त्याचं त्यालाच बघू दे.

म्हणून कोर्सचा फॉर्म आणायच्या आधी एक करा. आजीची तपासणी करायला सोलापूरला चांगल्या ऑडिओलॉजिस्टकडे न्या, सोबत मुलाला आणि बाबांनाही घेऊन जा. वही बरोबर असू दे. आजीला दुसऱ्या कानाला मशीन लागेल का हा प्रश्न तिथे मुलानेच विचारायचा, बाबांनी शेजारी बसून नुसतं ऐकायचं.